कार्बनचा म्हणून आलेला सायकलचा चिमटा: माझे ९,६८० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

९,६८० रुपये. ३,००० आगाऊ, ५,५०० ‘डिस्पॅचच्या आधी’ आणि १,१८० कसल्याशा ‘रिफंडेबल हँडलिंग’चे. त्या बदल्यात आला कार्बनच्या विणीचं चित्र छापलेला स्टिकर गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा चिमटा, म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारा फोर्क. तोही सांधलेला. नाव-गाव लिहीत नाही, कारण घरच्यांना अजून फक्त ते ३,०००च माहीत आहेत.

रिजिड, म्हणजे स्प्रिंग नसलेला, फोर्क हवाच कशाला, असं विचाराल. माझी २९ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक), पुढे १०० मिमीचा साधा स्प्रिंगवाला सस्पेन्शन फोर्क, वजन अडीच किलो. बोपदेव घाटात पॅडलवर उभं राहिलं की अर्धी ताकद तो स्प्रिंगच खातो. स्प्रिंग जाम करणारा लॉकआउटचा खटका केव्हाच गेलाय. रोजची धाव डांबरावर, मग हे ओझं का वाहायचं? आधी दुकानांतच विचारलं होतं. एकानं ‘नवीन सायकलच घ्या ना’ म्हणून कॅटलॉग पुढे सरकवला, दुसऱ्यानं ‘मागवतो’ म्हणून पुढे फोनच उचलला नाही. त्यामुळे ‘ऑनलाइन कशाला गेलास’ हा प्रश्न कृपया मला नको, त्या दुकानदारांना विचारा.

आणि मी आंधळेपणानं उडी मारली नव्हती. रिजिड फोर्क घेताना बघायचं असतं ते चाकाच्या आसापासून क्राउनच्या (फोर्कचे दोन्ही पाय जुळतात त्या भागाच्या) बैठकीपर्यंतचं अंतर. १०० मिमीचा २९ इंची सस्पेन्शन फोर्क या मापात ५००च्या आसपास भरतो. आपण बसलो की तो २०-२५ मिमी दबतो, म्हणून बदली रिजिड ४८०च्या घरातला हवा. त्याहून बराच आखूड बसवला तर दर २० मिमीमागे हेड अँगल (हँडलच्या नळीचा कल) साधारण एक अंशानं उभा होतो, हँडल चंचल होतं, खालचं बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस) उतरतं आणि वळणावर पॅडल रस्त्याला घासतं. हे सगळं माहीत होतं म्हणूनच अॅपवर जाहिरात दिसली तेव्हा मी विक्रेत्याला लिहून विचारलं: उंची किती? स्टीअरर (फोर्कची वर हँडलकडे जाणारी नळी) सरळ की टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होणारा? डिस्क ब्रेकचा माउंट कोणता? उत्तरं चोख आली. ‘४८३ एमएम सर, स्टीअरर स्ट्रेट, फुल कार्बन, ६४० ग्रॅम. एक ही पीस बचा है.’ एकच पीस उरलाय म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

मी मापाचा फोटो मागितला. तो आला, आणि त्या फोटोनंच मला खाल्लं. लाकडी टेबलावर काळा फोर्क, बाजूनं पिवळी टेप, आसाच्या खाचेपाशी ४८३चा आकडा स्वच्छ. मी तो आकडा बोटांनी मोठा करून पाहिला, दोनदा पाहिला. टेपचं दुसरं टोक मात्र त्याच्या अंगठ्याखाली होतं. अंगठा क्राउनवर नव्हता, त्याच्या वर, स्टीअररवर होता. म्हणजे शून्य सुरू होत होतं बैठकीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर! माप बरोबर, आरंभ चुकीचा. आता तो फोटो उघडला की मला आकडा दिसतच नाही, अंगठाच दिसतो. पण मला सांगा, टेपचा फोटो आल्यावर आकडा सोडून अंगठा कोण बघतं? तुम्ही बघा. दोन्ही टोकं उघडी दिसणारा व्हिडिओ मागा, आणि त्यात आजची तारीख कागदावर लिहून ठेवायला सांगा.

पैसे पाठवताना यूपीआयवर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं आलं. विचारलं तर म्हणे, ‘अकाउंटंट का है.’ बँकेत नोंदलेलं नाव आणि विक्रेत्याचं नाव जुळत नसेल तर कारण ऐकत बसू नका.

खोकं फोडण्याचा व्हिडिओ मी केला होता, तेवढं तरी करा. आत फोर्क, आणि फुकटची भेट म्हणून स्टार नट, म्हणजे स्टीअररच्या नळीत ठोकायचा दातेरी नट. कार्बनच्या स्टीअररमध्ये स्टार नट ठोकत नाहीत, तिथं आतून फुगणारा प्लग लागतो. स्टार नट नळीची आतली बाजू फाडतो. वाण्याच्या काट्यावर १,०७० ग्रॅम भरलं. (चुंबक लावून बघण्याच्या फंदात पडू नका, अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. वजन करा.) उंची ४४०, म्हणजे २६ इंची चाकाचा. आमच्या मिस्त्रीनं स्टीअररवरून नख ओढलं, क्राउनच्या तीन बोटं वर ते अडकलं. रंगाखाली गोल रेघ. ‘दादा, कापलेल्या चिमट्याला तुकडा जोडलाय. खड्ड्यात हँडल हातात आलं असतं.’ पैशांचं राहू द्या, हे वाक्य ऐकून माझे पाय गार पडले.

मग सुरू झाली वरात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे गेल्या गेल्या हाच नंबर फिरवा, समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते. मी माल येईपर्यंत थांबलो होतो, तोवर खातं रिकामं. चौकीत गेलो तर, ‘माल आलाय ना हातात? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ मंचाचं आयोग होऊन वर्षं झाली, चौकीला कोण सांगणार. सायबरच्या खोलीत साहेबांनी रक्कम विचारली आणि हसले: ‘इथं लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत.’ अहो, मग चाळीस लाख जाईपर्यंत थांबू का मी? बँकेचं पालुपद एकच, पिन तुम्हीच टाकलात. फसवणुकीत माणूस स्वतःच्या हातानं पैसे देतो म्हणूनच ती फसवणूक, नाहीतर चोरी म्हटलं असतं. जुनं चारशेवीस आता न्यायसंहितेत ३१८ झालंय, तेही मीच टेबलापलीकडच्या माणसाला सांगितलं. त्यानं ‘बसा’ म्हणून चहा मागवला, स्वतःसाठी.

१९१५च्या ग्राहक हेल्पलाइनवरची मुलगी नीट बोलली, पण विक्रेत्याला मेल पाठवू म्हणाली. कुठल्या मेलवर? ज्या अॅपवर जाहिरात पाहिली त्यांचं उत्तर मिनिटात आलं, ‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.’ जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, हे खरं. पण त्यासाठी समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. कुरिअरच्या लेबलवर ‘बस स्टँड के पास’ आणि एक पिनकोड, एवढंच. नोटीस काय बस स्टँडला चिकटवू?

‘वापस भेजो, रिफंड कर देंगे’ असाही निरोप आला होता. पाठवला नाही. तुम्हीही पाठवू नका, पुरावाच हातचा जाईल. सुताराचा गज लावून मोजलेले फोटो, काट्यावरचं वजन, मिस्त्रीचं लेखी म्हणणं, सगळं फाइलमध्ये लावलंय.

जुनं अकाउंट बंद आहे. परवा दुसऱ्या नावाचं दिसलं, तोच टेबल, तीच पिवळी टेप, तोच अंगठा. किंमत आता ७,९००. तुम्हाला दिसलं तर घेऊ नका, आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट मला पाठवा, अर्जाला जोडायचाय.