इलेक्ट्रिक स्कूटर: दीड वर्ष, १८ हजार किमी, आणि खालच्या काकांचा लिथियमचा प्रश्न

नाशिकरोडवरून सातपूरला रोज जातो, ३ युनिटची बॅटरी आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ब्रोशरमध्ये रेंज १२५, मला ९० मिळते, बायको मागे असली की ८०. पेट्रोलचे महिन्याला दोनेक हजार वाचतात, लाईट बिल साडेतीनशेने वाढलंय. पिकअप एक नंबर. सर्व्हिस मात्र बेक्कार, डिस्प्ले हँग झाला तर गाडी १२ दिवस तिकडेच पडून होती आणि फोन केला की "उद्या होईल सर".

आता काका. मी चार्जिंगला लावली की हे हजर, "अरे लिथियम संपलं की काय करणार?" शेवटी बसून हिशोब मांडला. एका युनिटला साधारण १०० ग्रॅम लिथियम लागतं, म्हणजे माझ्या अख्ख्या गाडीत पाव किलोच्या थोडं वर, ६० युनिटच्या कारमध्ये ६ किलो. जगात आज काढण्यासारखा साठा ३ कोटी टनांच्या आसपास धरतात, म्हणजे ५०० कोटी कार झाल्या की, आणि जुन्या बॅटरीतलं परत काढता येतं ते वेगळंच. त्यामुळे संपायचं टेन्शन मला नाही.

टेन्शन लिथियमच्या किमतीचं आहे. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला जवळजवळ ६ लाख युआनवर गेलेलं, २०२४ मध्ये १ लाखाच्या खाली आलं. खाण उभी राहायला वर्षानुवर्षं लागतात आणि गाड्या काय लगेच वाढतात, मग असंच वरखाली होणार. त्यात माल ऑस्ट्रेलियातून निघाला तरी शुद्ध करायला बहुतेक चीनलाच जातो. काका लगेच "आपल्याकडे जम्मूतल्या रियासीला सापडलंय ना ५९ लाख टन!" सापडलंय हो, २०२३ मध्ये, पण ते ५९ लाख टन खनिज, निव्वळ लिथियम नव्हे, तोही प्राथमिक अंदाज, आणि लिलावाला पुरेसे बोलीवालेच आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये रद्द करावा लागला. 'काबिल' नावाची आपली सरकारी कंपनी अर्जेंटिनात लिथियमचे ५ ब्लॉक घेऊन शोधतीये, बघू.

शोरूमवाल्याला विचारलं वॉरंटीनंतर बॅटरी केवढ्याला पडेल, तर म्हणे "तेव्हा जो रेट असेल तो". इतक्या वेळात हा एकच माणूस खरं बोलला. मी गुपचूप एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. गाडीला ४ स्टार, सर्व्हिसला दीड.