९० दिवसांचा प्रोग्रॅम आणि सोनामुखीचे तीन डबे

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. बावीस वर्षं झाली. खोटी नोट बोटाला लागली की कळते, असं चारचौघांत फुशारकीने सांगायचे. त्याच बोटांनी गेल्या वर्षी एका बाईला दोन वेळा मिळून ६४ हजार रुपये पाठवले, दोन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी.

मुलगी तेव्हा बारावीत होती. आधी तिने पोळी सोडली, मग भात. एकादशी धरली, संकष्टी धरली, पुढे सोमवार आणि शनिवारही. सासूबाईंना केवढं कौतुक. आजकालची पोरं कुठे करतात एवढं! बिल्डिंगमधल्या बायका मला विचारायच्या, कसली बारीक झाली गं, काय खायला घालतेस? मीही हसून घ्यायचे. ही पोर उपवासाची खिचडीसुद्धा ताटात नुसती चिवडते, हे माझ्या लक्षात यायला चार महिने गेले.

मग उलटंच सुरू झालं. सकाळी उठून बघावं तर चकल्यांचा डबा रिकामा, बिस्किटांचे पुडे गादीखाली. जेवण झालं की ती बाथरूममध्ये जायची आणि नळ धो धो सोडायची. दाराशी उभी राहिले की पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकू यायचा. उजव्या हाताची मूठ वळली की जी हाडं वर येतात, त्यांवर घट्टे पडले होते. मी त्यांना व्हॅसलीन लावलं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, ही आंबट फार खाते का, वरच्या दातांची आतली बाजू झिजलीय. मी म्हटलं, चिंचा आवडतात तिला. (वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. या आजारातल्या मुली असे आकडे वाचून आपलं वजन त्यांच्याशी ताडून बघतात, हे मला पुढे कळलं.)

ती बाई मला रात्री एक वाजता रीलमध्ये सापडली. नावापुढे 'ईटिंग डिसऑर्डर हीलिंग कोच', म्हणजे खाण्याचा आजार बरा करणारी, आणि खाली 'सर्टिफाइड थेरपिस्ट'. पहिला कॉल फुकट. चाळीस मिनिटं ती माझ्याशी बोलली आणि त्यात मुलीबद्दल जेमतेम पाच मिनिटं असतील. बाकी सगळं माझ्याबद्दल. मी किती थकलेय, घरात मला कोण विचारतं. मी रडले. मग ती म्हणाली, "ताई, हा आजार नाहीच, त्याला लेबल लावू नका. सायकियाट्रिस्टकडे नेलंत की गोळ्या सुरू, फाइल तयार. उद्या स्थळं यायला लागली की काय सांगाल?"

मी नेमकी त्याच वाक्यासाठी आसुसलेली होते. डॉक्टरकडे न्यावं लागू नये, हे कुणीतरी शिकलेल्या आवाजात सांगावं एवढंच मला हवं होतं. आमचे हे म्हणाले, जरा चौकशी तरी करू. मी म्हटलं, ऑफर रात्री बारापर्यंतच आहे. खोट्या नोटेवाला गर्दीच्या वेळेलाच खिडकीवर येतो, घाई करतो, हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवते.

४९ हजारांचा ९० दिवसांचा प्रोग्रॅम. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि घरी आलेले 'गट क्लेन्झ'चे, म्हणजे पोट साफ करायचे, तीन डबे. मुलीने रोज सकाळी वजनकाट्याचा आणि प्रत्येक ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपवर तिच्यासारख्या पंधरा-वीस मुली. जिचं ताट लहान, तिला जास्त बदाम, म्हणजे लाल हार्टचे इमोजी! आणि आईवडिलांसाठी एकच नियम, मध्ये पडायचं नाही, जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. 'तुमची एनर्जी तिला ब्लॉक करते.' दीड महिन्याने सांगितलं की मुळाशी ट्रॉमा आहे, तो काढायला वेगळं सेशन, १५ हजार. तेही भरले.

एकसष्टाव्या दिवशी ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. पोटॅशियम २.६. साधारण ३.५ च्या वर हवं असतं. ईसीजी बघून रात्रपाळीची डॉक्टर मुलगी एकदम गप्प झाली, मग मॉनिटर लावला. उलट्यांनी पोटॅशियम खाली जातं आणि हृदयाचे ठोके चुकतात, त्यात जीवही जाऊ शकतो, हे तिने मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. घरात काही औषध चालू आहे का, असंही विचारलं. मी पिशवीतला डबा काढून दिला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, सेना एक्स्ट्रॅक्ट. सोनामुखी! माझ्या आजीच्या बटव्यातलं जुलाबाचं औषध. उलट्या करणाऱ्या पोरीला मी रोज रात्री कोमट पाण्यातून जुलाब देत होते, तेही पैसे मोजून.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आल्या. त्यांनी आधी मुलीचा हात हातात घेऊन घट्टे बघितले. बोट घशात घालताना दात लागून ते पडतात. लंडनच्या जेरल्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी १९७९ साली बुलिमिया, म्हणजे भराभर खूप खायचं आणि मग ते उलटीने काढून टाकायचं, हा आजार पहिल्यांदा नीट मांडला आणि या खुणेला त्यांचंच नाव आहे. म्हणजे मी जिला व्हॅसलीन लावत होते, ती खूण पुस्तकात होती. लेबल लागलं तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हणजे मी एकटीच अशी नाहीये?" त्या लेबलाला मी सहा महिने घाबरले होते.

आणि उपचार काय निघाले, तर प्रोग्रॅमच्या बरोबर उलटे. आईवडिलांनी मध्ये पडायचं. या वयाच्या मुलांसाठी कुटुंबाला धरूनच थेरपी करतात, आणि सुरुवातीला ताटात काय आणि किती हे आईवडील ठरवतात. जेवताना आम्ही समोर बसायचं, जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडायचं नाही. मग पत्ते खेळा, भेंड्या खेळा, काहीही करा. ती ताट भिरकवायची, मला नको नको ते बोलायची. ओरडायचं नाही, उठायचंही नाही. मी दोन महिने अर्धा पगार रजा घेतली. वजन फक्त थेरपिस्टकडे. घरचा काटा माळ्यावर गेला. एक गोळीही आहे, ती चालू आहे, आणि तिने कुठलंही आभाळ कोसळलेलं नाही.

पैसे परत मागितले तेव्हा बाईंनी लिहिलं, 'तुम्ही प्रोसेसवर विश्वास ठेवला नाहीत', आणि ब्लॉक केलं. तिचं सर्टिफिकेट नंतर नीट वाचलं. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, परदेशातल्या कुठल्या तरी संस्थेचा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर असतो, तो परिषदेच्या वेबसाइटवर बघता येतो. सायकियाट्रिस्ट हा एमडी किंवा तत्सम पदवीचा डॉक्टर असतो, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे. 'कोच' कुणीही होतं, उद्या मीही होईन. पहिल्या फोनवर नंबर विचारा. थेरपिस्ट खरा असेल तर तो चिडत नाही, आमच्या आताच्या मॅडमनी तर न विचारता कार्ड पुढे केलं. रक्ततपासणी आणि ईसीजी न बघता खाण्याच्या आजारावर कुणी काम सुरू करत असेल तर तिथूनच उठा. कुणाकडे जायचं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. मला तो तेव्हा माहीत नव्हता.

ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली, ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. वकील म्हणाले, पुरावा द्या. यूपीआयच्या पावत्या आहेत, डबे आहेत. पण 'डॉक्टरकडे नेऊ नका' हे तिने कायम व्हॉइस मेसेजवरच सांगितलं होतं आणि ब्लॉक करायच्या आधी ते सगळे 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले. तुमचं असं काही चालू असेल, तर भांडायच्या आधी मेसेज दुसऱ्या फोनवर घ्या. ग्रुपमधल्या दोन मुलींच्या आयांना मी फोन केले होते. एकीने ऐकून घेतलं. दुसरी म्हणाली, आमच्या हिला फरक पडतोय हो, आणि फोन ठेवला.