लिंबावरची खार आणि लडाखचा मार्मोट

परभणीत आमच्या अंगणातल्या लिंबावर खारींचा दिवसभर दंगा असतो. पँगाँगच्या वाटेवर मार्मोट दिसला, तेव्हा ही त्यांचीच भावकी आहे हे मला आधी पटेना. आपली खार साधारण शंभर ग्रॅमची, मुठीत मावणारी. हिमालयीन मार्मोट मांजराहून थोराड, पाच-सहा किलोचा, हिवाळ्याच्या तोंडावर चरबीनं आणखी फुगलेला. पण दोघंही खार कुळातलेच, दोघांचेही पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात.

खारीला झाड लागतं. मार्मोट राहतो तिथं झाडच नसतं. लडाख, नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि तिबेटचं पठार, साधारण 3,500 ते 5,000 मीटर उंचीवर, गवताच्या कुरणात. त्यामुळे त्याचं सगळं घर जमिनीखाली, कित्येक मीटर खोल, अख्ख्या कुटुंबाचं मिळून. धोका दिसला की मागच्या पायांवर उभा राहून शिट्टी मारतो. आपली खार मांजर दिसताच शेपटी झटकत चिकचिक करते, तसंच ते.

खरा फरक ऋतूंचा. मार्मोट जवळपास सहा महिने बिळात झोपतो; अंग गार पडतं, हृदयाचे ठोके अगदी मंदावतात. उन्हाळ्यात खाल्लेल्या गवताच्या चरबीवरच तो जगतो, म्हणून पर्यटक त्याला बिस्किटं चारतात ते पाहून जीव तुटतो. खार मात्र बाराही महिने जागी. मे महिन्यात भर दुपारी ती फांदीवर पोट टेकून, चारही पाय पसरून निपचित पडते. ऊन उतरलं की पुन्हा आमच्या गादीतला कापूस उपसून घरट्याकडे पळते.