घाण्याचा व्हिडिओ प्रोफेशनल टीमकडून करून घेतला, 44,840 रुपये गेले, अनुभव सांगतो

परभणीत आमचा लाकडी घाणा आहे, करडई, शेंगदाणा, तीळ असं तेल काढून देतो, माय काउंटरवर बसते अन् मी घाणा, पार्सल, हिशोब बघतो. फेब्रुवारीच्या शेवटी संभाजीनगरच्या एका टीमकडून दुकानाचा व्हिडिओ करून घेतला. 38 हजार अन् वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 44,840 रुपये. आमच्यासारख्या धंद्याला ही रक्कम लहान नाही. त्यामुळं ओळखीचे सगळे तेच विचारायलेत, कामून एवढे घातलेस, मोबाईलवर झालं नसतं का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच सगळं लिहितो. टीमचं नाव त्यांना विचारल्याशिवाय टाकत नाही, ज्याला पाहिजे त्यानं दुकानावर यावं, नंबर देतो. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कुठं कापला ते पुढं येईलच.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगतो, त्याच्याशिवाय फरक कळणार नाही. तवा एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून 6 हजारात करून घेतला होता. माणूस चांगला, लग्नातलं त्याचं काम एक नंबर असतं, पण दुकानाचं काम वेगळं असतं हे त्यालाही माहीत नव्हतं अन् मलाही नाही. तो आला, तासभर फिरला, पाटीवरून ड्रोन उडवला, घाण्याभोवती गोल गोल कॅमेरा फिरवला, मागं पिक्चरचं गाणं लावलं अन् पेन ड्राइव्ह हातात दिला. ट्यूबलाईटखाली घेतलेल्या प्रत्येक शॉटमध्ये काळे पट्टे सरकायलेत. माय काहीतरी सांगायलीय हे दिसतं, पण ऐकू येते फक्त घाण्याची करकर. तेल हिरवट दिसायलंय. इन्स्टाग्रामवर टाकला तर गाण्याच्या हक्कामुळं आवाजच गेला. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर विचारलं, तेलात काही मिसळता का, रंग असा कसा. ते मला फार लागलं. भेसळ करायची नाही म्हणून आम्ही डोळ्यासमोर तेल काढून देतो, अन् आमच्याच व्हिडिओनं लोकांच्या मनात संशय घातला.

म्हणून या वेळी टीम शोधताना मी रेट नंतर विचारला, आधी विचारलं की कारखाना, दुकान, शेतमाल असं काही केलंय का, केलं असेल तर दाखवा. तिघंजण होते, दोन पोरं अन् एक मुलगी, स्क्रिप्ट तिच्याकडं. शूटिंगच्या आठ दिवस आधी ती एकटीच परभणीला आली, कॅमेरा नाही काही नाही, फक्त वही. माईशेजारी स्टूल टाकून सकाळी दहापासून दीडपर्यंत बसली अन् येणारा प्रत्येक माणूस काय विचारतो ते लिहून घेतलं. मला वाटलं ही आज उगाच आली. पण जाताना तिनं वही दाखवली तर पानावर एकच वाक्य परत परत लिहिलेलं होतं, "एवढं महाग कामून?" कुणी कसं विचारलं, कुणी कसं, पण प्रश्न तोच. ती म्हणाली, "दादा, तुमचा व्हिडिओ एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर आहे, बाकी काही दाखवायचं नाही." मी दहा वर्षं रोज तो प्रश्न ऐकायलोय अन् मला कधी सुचलं नाही. पैसे मी कॅमेऱ्याला नाही, या साडेतीन तासांना दिले असं आजही मानतो.

मग ठरलं की वजनकाटा दाखवायचा. एकच शॉट, मधे कुठंही कट नाही. माय काट्यावर 15 किलो करडई मोजते, पोतं घाण्यात ओतते, कॅमेरा तिथंच उभा, तासाभराचं काम वेग वाढवून काही सेकंदात दाखवलं, कोपऱ्यात भिंतीवरचं घड्याळ फिरताना दिसतं, अन् शेवटी तेच तेल मापात ओतलं तर साडेतीन लिटरच्या थोडं वर. बाकी सगळी पेंड. करडईच्या बीत तेल असतंच जेमतेम 28-30 टक्के, त्यातलं लाकडी घाण्यात सगळं निघत नाही, थोडं पेंडीत राहतं. साधारण चार किलो करडई घातली तवा कुठं एक लिटर तेल येतं. हे मी लोकांना हजारदा तोंडानं सांगितलंय, लोक मान हलवतात अन् पटत नाही. काटा बघितला की पटतं.

शूटिंगच्या दिवशी बघितलं ते सांगतो, कारण तिथंच कळतं की माणसं काम जाणतात का नाही. आल्या आल्या त्यांनी ट्यूब बंद केल्या. आपल्याकडची लाईट 50 सायकलची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याचं शटर त्या हिशोबात बसवलं नाही तर ते काळे पट्टे येतात. इतकं साधं कारण होतं, अन् दोन वर्षं मी समजत होतो की आमचा बल्ब खराब आहे. मग खिडकीला पांढरं कापड लावून बाहेरून लाईट मारली, तेलाजवळ एक राखाडी कार्ड धरलं, त्याच्यावर कॅमेऱ्याचा रंग सेट केला, अन् पडद्यावर करडईचं तेल बाटलीत दिसतं तसंच सोनेरी पिवळं दिसलं. मायनं बाटली पडद्याशेजारी धरून बघितली अन् म्हणाली, "हां, आता आपलं तेल हाय." दुपारी दीड-दोन तास लाईट गेली, घाणा बंद, पण त्यांच्या लाईटी बॅटरीवर होत्या, त्या वेळात त्यांनी बाटल्या, लेबल, अन्न सुरक्षेचा 14 आकडी लायसन्स नंबर असे जवळचे शॉट उरकून घेतले. वेळ वाया घालवला नाही हे मला आवडलं.

आवाजाचं तर मला सगळ्यात जास्त कौतुक. घाणा चालू असताना मायला बोलायलाच लावलं नाही. आधी नुसता घाण्याचा आवाज पाच मिनिटं वेगळा रेकॉर्ड केला, सगळ्यांनी गप्प बसायचं, पंखासुद्धा बंद. मग आतल्या खोलीत दोरी बांधून मायच्याच चार वाकळा भिंतीला लटकवल्या, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही, छोटा माईक पदराच्या आत लावला अन् तिला कागद दिलाच नाही. मी चार दिवस आधीपासून तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेत होतो, "आमच्या येथे शुद्ध व नैसर्गिक पद्धतीने" वगैरे, ते सगळं त्या मुलीनं बाजूला ठेवलं. नुसतं विचारलं, "मावशी, लहानपणी तुमच्या घरी कोणतं तेल होतं?" अन् माय बोलत सुटली. ज्वारीची भाकर, त्याच्यावर कच्चं करडईचं तेल, लाल तिखट अन् हातानं फोडलेला कांदा, आजी वाटणी करताना तेलाची धार कशी मोजून टाकायची. बोलता बोलता डोळ्यात पाणी आलं तिच्या, अन् त्यांनी ते व्हिडिओत घेतलं नाही, आधी विचारलं, ती नको म्हणाली, विषय संपला. हा मान ठेवणं मला फार मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पूर्णा रोडला मामाच्या शेतात. करडई काढायची म्हणजे पहाटेच, दवानं काटे मऊ असतात, ऊन चढलं की हात लावू देत नाही. आता बरेच जण मशीननं काढतात, पण मामाकडं एक तुकडा हातानं काढायचा राहिला होता. हाताला फडकं गुंडाळलेल्या बायका, वाळलेली काटेरी बोंडं, तिरपं कोवळं ऊन, तो 8 सेकंदांचा तुकडा बघून आमच्याच घरातली पोरं विचारायलीत की करडईला काटे असतात का. बियाणं परभणी कुसुम, आपल्याच कृषी विद्यापीठाचं, तेही खाली पट्टीत लिहिलंय. एक गोष्ट मात्र आमची चुकली, फुलं पाहिजे असतील तर टीमला जानेवारीत बोलवावं लागतं, फेब्रुवारीच्या शेवटी शेत वाळलेलंच भेटणार. पिवळं-केशरी शेत घ्यायचं राहून गेलं.

आणखी एक. मायला वाटत होतं की सांधेदुखी, शुगर, हार्ट सगळं बरं होतं असं टाकावं, बाकीचे टाकतात म्हणून. त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो अशी जाहिरात करता येत नाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत, उद्या कुणी तक्रार केली तर व्हिडिओवाला नाही तुम्ही अडकणार. पैसे घेऊन काहीही बोलायला तयार होणारे खूप भेटतात, त्यामुळं हे मी मुद्दाम लिहायलोय.

हातात काय आलं तर मोठा आडवा व्हिडिओ 1 मिनिट 40 सेकंदांचा, मोबाईलसाठी उभे 6 छोटे, अन् गुगलवरच्या दुकानाच्या पानासाठी 28 सेकंदांचा एक, कारण तिथं 30 सेकंदांच्या वरचा घेतच नाही. सगळ्यांवर खाली मराठी अक्षरं, कारण बसमध्ये, ऑफिसात लोक आवाज बंद करूनच बघतात. मोठ्याची हिंदी अक्षरांची एक कॉपी, नांदेड अन् हैदराबादकडच्या गिऱ्हाइकांसाठी. म्युझिकच्या लायसन्सचा कागद मेलवर दिला, तो जपून ठेवलाय.

आता एक स्टार कुठं गेला. 12 दिवस बोलले होते अन् 19 दिवस लावले, पाडव्याच्या आधी पाहिजे म्हणून मी रोज फोन करायचो, एकदा तर दोन दिवस उचललाच नाही. फोन उचलून उशीर होतोय एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पहिल्या कॉपीत म्युझिक एवढं मोठं की मायचा आवाज खाली दबला, ते सांगून काढायला लावलं, आता तिथं नुसता घाण्याचा आवाज आहे अन् तेच छान लागतं. अक्षरांमध्ये "घाणा"चं "घाना" केलं होतं तीन ठिकाणी, मराठी धंद्याच्या व्हिडिओत असं चालत नाही, लेबल तपासतो तसं अक्षर न् अक्षर तपासून घ्या. अन् सगळ्यात मोठं म्हणजे रॉ फुटेज, म्हणजे काटछाट न केलेलं कच्चं शूटिंग. मला वाटलं शूट केलेलं सगळं आपलंच, पैसे आपण दिले. तसं नसतं, ते वेगळं मागावं लागतं अन् आधी लिहून घ्यावं लागतं. मी लिहून घेतलं नव्हतं, मागितलं तर 4 हजार वरचे सांगितले. किती वेळा दुरुस्ती फुकट, तारीख कोणती, लाईट किंवा पावसामुळं दिवस वाया गेला तर काय, कच्चं फुटेज कुणाचं, हे ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर घ्या.

फायदा झाला का? पाडव्यापासून पुण्याची, संभाजीनगरची पार्सलं वाढलीत. आधी महिन्याला 15-20 जायची, मे महिन्यात 60 च्या वर गेली, पण मे म्हणजे लोणच्याचा सीझन, सगळं श्रेय व्हिडिओला देणार नाही. खरा फरक काउंटरवर पडला. "एवढं महाग कामून" म्हणणाऱ्याला माय आता काही समजावत बसत नाही, मोबाईल पुढं करते. व्हॉट्सॲपवर भाव विचारणाऱ्यालाही मी आधी काट्याचा तुकडा पाठवतो अन् मग भाव, घासाघीस निम्म्यावर आली. सेलूचा एक शेतकरी तर स्वतःची 40 किलो करडई घेऊन आला अन् म्हणाला, व्हिडिओत दाखवलं तसं माझ्यासमोर काटा करा. केला. तेल मोजून घेऊन गेला, आता त्याच्या गावातले तिघं येतात.

सगळ्यांनीच एवढे पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही. आज ताजं शेंगदाण्याचं काढलंय, उद्या दुकान बंद, असल्या गोष्टी मी अजूनही मोबाईलवरच काढतो अन् ते चांगलं चालतं. दुसऱ्याचा माल आणून विकत असाल तर दाखवायला वेगळं काही नसतं, तिथं कशाला. पण ज्याच्या हातात काही कला आहे, विणकाम असो, खव्याची भट्टी असो, गुऱ्हाळ असो, अन् लोकांना ती दिसत नाही म्हणून भाव मिळत नाही, त्यानं एकदा तरी जाणकाराकडून करून घ्यावा. तीच एक गोष्ट वर्षानुवर्षं बदलत नाही, व्हिडिओही तेवढा चालतो.

एक आम्ही धरलंच नव्हतं. काट्याच्या शॉटमध्ये चार सेकंद पेंड पडताना दिसते, ते बघून जिंतूर अन् मानवतकडचे दूधवाले पेंडीचा भाव विचारायलेत, रोज एक-दोन फोन. म्हणून पेंडीचा वेगळा 20 सेकंदांचा करायचं ठरवलंय. त्याच टीमचं कोटेशन आलंय, 5 हजार, अन् या वेळी रॉ फुटेज आमचं हे पहिल्याच ओळीत लिहून घेतलंय.