फिश ऑइल: रोज चार ग्रॅम की एक ग्रॅमच्या आत?

मी दोन्ही करून पाहिलं आहे. सव्वा वर्ष ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली दोन मुख्य ओमेगा-3 मेदाम्लं) मिळून रोज चार ग्रॅमच्या आसपास घेत होतो. गेली दोन वर्षं एकच कॅप्सूल घेतो, तीही जेवणासोबत.

आधी मात्रेचा घोळ मिटवू. बाटलीवर ठळक छापलेलं '1000 मिग्रॅ' हे तेलाचं वजन असतं. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बहुधा 300 मिग्रॅच भरतं. त्यामुळे अशा चार कॅप्सूल घेणारा स्वतःला समजतो तेवढ्या मोठ्या मात्रेवर नसतो. माझ्या कॅप्सूल जास्त तीव्रतेच्या होत्या, म्हणून मी खरोखर तिथे पोचलो होतो.

जास्त मात्रेची बाजू पोकळ नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, उतरतात, माझेही उतरले. 2018 च्या रिड्यूस-इट चाचणीत रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना 25 टक्क्यांनी कमी दिसल्या. मात्र ते स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालू असलेले, आधीच जोखमीत असलेले रुग्ण होते, आणि ईपीए औषध म्हणून दिलेलं होतं. 2020 मध्ये स्ट्रेंग्थ चाचणीत 13 हजारांवर रुग्णांना ईपीए-डीएचएचं मिश्रण तेवढ्याच मात्रेत दिलं, तर फायदा दिसेना म्हणून ती मुदतीआधीच थांबवावी लागली. आपण विकत आणतो त्यातही बहुतेक वेळा मिश्रणच असतं.

माझा निर्णय मात्र या आकड्यांवर झाला नाही, छातीतल्या फडफडीवर झाला. रात्री डाव्या कुशीवर वळलो की एक ठोका चुकायचा, पुढचा दणकन बसायचा आणि मग चार-पाच घाईघाईने. अंधारात मनगटावर बोटं ठेवून मोजत पडायचो. कॉफी सोडली, फरक नाही. ईसीजी काढला तो अगदी नीट आला, कारण दुपारी दवाखान्यात फडफड नव्हतीच. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं काय काय चालू आहेत?" मी म्हटलं, "काहीच नाही." तेलाला मी औषधांत धरलंच नव्हतं. निघताना सहज बोललो, तसं त्यांनी मला परत बसवलं.

वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, तेल घेणाऱ्यांत जास्त आढळलं होतं: रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी दाखल व्हावं लागलेले 3.1 टक्के विरुद्ध 2.1, स्ट्रेंग्थमध्ये 2.2 विरुद्ध 1.3. 2021 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दिवसाला एक ग्रॅमच्या वर धोका 49 टक्क्यांनी वाढलेला निघाला, एक ग्रॅमपर्यंत 12 टक्क्यांनी. 2012 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पाच ग्रॅमपर्यंत चिंता नको असं म्हटलं होतं. पण हे आकडे त्यानंतरचे आहेत. या विकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून मला तो एक टक्काही लहान वाटत नाही.

मला हा विकार झाला होता, असं माझं म्हणणं नाही. ईसीजीच्या पट्टीवर तो सापडलाच नाही. मात्रा उतरवल्यावर तीनेक आठवड्यांनी एका रात्री लक्षात आलं की मी कितीतरी वेळ डाव्या कुशीवर निवांत पडलोय. योगायोगही असेल, त्याच सुमारास कामाचा ताणही हलका झाला होता. तरी पुन्हा चार ग्रॅम घेऊन खात्री करून बघायची माझी तयारी नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. मासळी वासाचे ढेकर आणि पोट सैल होणं मात्रेबरोबर वाढतं. वॉरफरिन किंवा ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जास्त मात्रा विचारल्याशिवाय नको. आणि कॉड लिव्हर ऑइल घेऊन ओमेगा-3 चा आकडा गाठायला जाऊ नका. त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं, जास्त झालं तर यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो.

ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असतील आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर चार ग्रॅमला अर्थ आहे. ते माझं वाचून बंद करू नका. नुसतं "हृदयाला चांगलं" म्हणून घेत असाल, तर मी एक ग्रॅमच्या आतच थांबेन. ठोके पूर्वी कधी चुकले असतील, तर तेवढंही दाखवूनच सुरू करा.