कल्पित प्रजातीचे बालपण रचणारा पत्त्यांचा संच

खेळासाठी नवी प्रजाती रचताना शिंगे, शस्त्रे आणि राजघराणी सहज सुचतात. मुले कोण वाढवते हा प्रश्न मात्र राहून जातो, आणि हा संच नेमका तेथूनच सुरू होतो. पिल्लू किती काळ परावलंबी राहील, त्याला कोण शिकवील, हे पत्त्यांवरून ठरत जाते. निसर्गातील आधार चोख आहेत: हत्तिणीचा सुमारे २२ महिन्यांचा गर्भकाळ, एम्परर पेंग्विनच्या नराने सुमारे दोन महिने उपाशी राहून पायांवर उबवलेले अंडे, पिल्लांना आधी मेलेला आणि मग नांगी तोडलेला जिवंत विंचू देणारी मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा आफ्रिकी प्राणी). हा संच वापरून आम्ही रचलेल्या पंखधारी प्रजातीत पेंग्विनच्या पत्त्यावरूनच पित्यांच्या उपवासाचा सण जन्मला. पौगंडावस्थेला मात्र एकच पत्ता, आणि तोही त्रोटक, ही कंजुषी खटकते.