पणजोबांचं पदक, दुसऱ्याच शिपायाची फाईल

पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांच्या घरांत आता चौथी पिढी नांदते आहे. जुन्या ट्रंकेच्या तळाशी चांदीचं एखादं पदक सापडतं. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं असतात आणि हा माणूस कुठे लढला, हे घरच्यांना कळून घ्यावंसं वाटतं. नेमक्या याच इच्छेवर काही जणांनी धंदा उभारला आहे. अशा एका ‘रेकॉर्ड शोधून देणाऱ्या’ माणसाकडून फसलेल्या कुटुंबाची फाईल इथे कागदाकागदाने सोडवली आहे. नावं आणि गाव गाळलं आहे, पद्धत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

घरात होतं ते एकच पदक: ब्रिटिश वॉर मेडल, कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि ११० मराठा पलटण. घरच्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की पणजोबा युद्धाहून परत आले, त्यांनी शेती केली आणि म्हातारपणी गावातच गेले. शोध घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात रंगीत प्रमाणपत्र पाठवलं. पणजोबा आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होते आणि १९१६ मध्ये वारले, असा त्याचा मजकूर. म्हणजे आपल्या पणजोबांच्या मरणाचा दाखला घरच्यांनी पैसे मोजून घेतला. ज्यांची मुलं १९२० नंतर जन्मली, ते १९१६ मध्ये कसे वारले, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. कागदावर इंग्रजी मोहोर होती, त्यामुळे घरातल्या आठवणीलाच खोटं मानलं गेलं.

ते प्रमाणपत्र कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट छापून घेता येतं. तिथे फक्त मृतांची नोंद असते: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले. परत येऊन १९२१ नंतरही जगलेला शिपाई तिथे सापडणारच नाही. सापडला, तर तो त्या नावाचा दुसराच कोणी असतो. मराठा पलटणींत तर रामा जाधव, गणू शिंदे अशी नावं पुन्हा पुन्हा येतात. या नोंदींत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. नाव जुळलं म्हणून हुरळून न जाता ही ओळ आधी वाचावी. या प्रकरणात बापाचं नाव वेगळं होतं आणि पाठवलेल्या प्रतीवर नेमकी तीच ओळ कापलेली होती.

दुसरा हप्ता ‘विसंगती’च्या नावाने घेतला गेला. पदकावर ११० मराठा, घरातल्या जुन्या पेन्शनच्या कागदावर ३/५ मराठा लाइट इन्फंट्री. पदकावर आडनावाचं एक स्पेलिंग, कागदावर दुसरं. जिल्हा कुलाबा, तर घरचे रायगडचे. हे सगळं दुरुस्त केल्याशिवाय पणजोबांच्या नावे लंडनमध्ये अडकलेली रक्कम सुटणार नाही, असं सांगून प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि ‘दुरुस्ती शुल्क’ अशी वसुली झाली.

ही फसवणूक सगळ्यात जास्त चालते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कारण यातली एकही गोष्ट विसंगती नाही. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये आल्या आणि त्यांचे आकडे बदलले. १०३ ची झाली ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन. म्हणून ११० मराठा आणि ३/५ ही एकच पलटण. आडनावाचं इंग्रजी लेखन कारकुनाच्या कानावर अवलंबून असे, त्यामुळे एकाच माणसाचा जाधव तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. वयाचं तर विचारूच नये: भरतीच्या वेळी जन्मतारीख अंदाजाने लिहीत, तेव्हा चार-पाच वर्षांचा फरक सहज पडतो.

खरी विसंगती वेगळीच असते आणि ती असा माणूस लपवतो. शिपायाचा नंबर त्याच्या पलटणीपुरता असे, साऱ्या फौजेत एकमेव नसे. तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाला असू शकतो, आणि बदली झाली की नंबरही बदलू शकतो. कुतमध्ये ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणी अडकल्या आणि शेवटी कैदेत गेल्या. त्या पुन्हा उभ्या करायला दुसरीकडून माणसं आणावी लागली. म्हणजे पदकावर ११० असलं तरी तो शिपाई वेढ्यात होताच, असं ठरत नाही. १९१७ ला भरती झालेल्याच्याही पदकावर ११० असू शकतं. पलटणीचा इतिहास आणि माणसाचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला सहज मिळतो म्हणून तोच दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. ज्या फाईलमध्ये नंबर, तारखा, स्पेलिंग सगळं तंतोतंत जुळतं, तिच्याबद्दल आधी शंका घ्यावी. शंभर वर्षांपूर्वीचे खरे कागद इतके कधी जुळत नाहीत.

लंडनमधल्या रकमेचं म्हणाल, तर वॉर मेडल हे मोहिमेचं पदक आहे. अशी सुमारे ६५ लाख पदकं दिली गेली. त्यासोबत वारसांना मिळणारी पेन्शन, जमीन किंवा थकबाकी काहीही नसते.

तिसरा हप्ता ‘हरवलेल्या’ पदकांचा. १९१४-१५ स्टार, व्हिक्टरी मेडल आणि शौर्याचं म्हणून मिलिटरी मेडल, तिन्हींवर पणजोबांचं नाव. यातला स्टार ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धक्षेत्रात पोहोचलेल्यांनाच मिळे, आणि या शिपायाची भरती त्यानंतरची होती. वॉर मेडल एकटंही मिळे, पण स्टार आणि व्हिक्टरी एकटे दिले जात नसत. भारतीय शिपायाला त्या युद्धात शौर्यासाठी मुख्यतः इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल किंवा इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळे. कोणी वॉर मेडलच्या फितीवर ‘कुत’ किंवा ‘मेसोपोटेमिया’ अशी पट्टी बसवून देत असेल, तर ती बनावटच. तशा पट्ट्यांचा विचार झाला होता, पण खर्चापायी त्या सैन्यासाठी कधी काढल्याच नाहीत.

नाव बदललेलं पदक ओळखायला भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर पुरतं. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिमी असतो. जुनं नाव कानशीने घासून काढलं की व्यास थोडा कमी होतो, आणि सगळीकडे सारखा कमी होत नाही, म्हणून चार ठिकाणी मोजावा. ठशाने उठवलेल्या अक्षरांची खोली एकसारखी असते. हाताने कोरलेल्या अक्षरांत हत्याराच्या रेघा आणि निसटलेली टोकं दिसतात. नाव स्वच्छ आणि धारदार, पण राजाचा चेहरा झिजलेला असेल, तर नाव नंतरचं आहे. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती किंचित लहान भरते, आणि कडेवर जोडाची रेघ राहते. तेव्हा शहिदांच्या घरी आलेल्या १२० मिमीच्या काशाच्या थाळीवरही हीच काळजी घ्यावी: तिच्यावरचं नाव ओतीव आणि उठावाचं असतं. कोरलेलं असेल तर ती नक्कल आहे किंवा तिच्यावरचं नाव बदललेलं आहे.

शेवटचा घाव सगळ्यात दुखरा होता. ‘पडताळणीला’ म्हणून मूळ पदक कुरियरने मागवलं आणि परत आली ती नक्कल. ते पदक कुटुंबाला परत मिळालेलं नाही. पदक कोणाच्याही हाती देऊ नये. पडताळणी फोटोवरून होते: दोन्ही बाजू, आणि कड हळूहळू फिरवत सहा-आठ फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवावं. आणि पॉलिश कधीही करू नये, त्याने कडेवरची अक्षरं झिजतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘लंडनला पाठवू’ हे वाक्य ऐकताच बोलणं थांबवावं.

स्वतः शोधायचं तर सुरुवात घरातूनच करावी: डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक, पणजीच्या नावाची कुटुंब पेन्शन, सातबाऱ्याचे जुने फेरफार. जन्म-मृत्यूची नोंद गावच्या किंवा तहसीलच्या जुन्या दप्तरात पाहावी. बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी असते, पण तिच्यावर सहसा युद्धाला किती गेले आणि किती पडले एवढाच आकडा असतो, नावं नसतात. पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. तिथे साध्या अर्जाला उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी त्याची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव आणि तेव्हाचा जिल्हा लिहावा. ‘माझ्या पणजोबांची सगळी माहिती द्या’ असा अर्ज हमखास परत येतो.

परदेशी दप्तरांबद्दलही मोठ्या आशा दाखवल्या जातात. साध्या भारतीय शिपायाची सेवापुस्तिका लंडनमध्ये नसून पलटणीच्या दप्तरात राहिली, आणि त्यातलं बरंच पुढे नष्ट झालं. लाहोरच्या संग्रहालयातून उजेडात आलेल्या तीन लाखांवर शिपायांच्या नोंदी पंजाबच्या आहेत. त्यांत रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा माणूस ‘शोधून दिला’ असं कोणी म्हणाला, तर तो खोटं बोलतो आहे. ‘नोंद सापडली नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्यासाठी दिलेले पैसे वाया गेले असं समजू नये.

पैसे ऑनलाइन गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद द्यावी. पदक गेलं असेल तर फिर्यादीत कडेवरचा मजकूर अक्षरशः, जसा इंग्रजीत आहे तसाच उतरवावा. पदक लिलावात किंवा विक्रीला आलं तर ते त्या मजकुरावरूनच ओळखता येतं. आणि त्या माणसाने दिलेले बनावट कागद फाडू नयेत, तसेच कोणत्याही सरकारी अर्जाला जोडूही नयेत. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठीच्या राज्याच्या अनुदानाला असे कागद जोडले, तर चौकशी अर्जदाराचीच होते.